मताचे गोत्र

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे आहेत आणि दोन्ही तालुक्याची ठिकाणे आहेत. घोटाळा होऊ नये म्हणून एकाला चांदूर बाजार म्हणतात, दुसऱ्याला चांदूर रेल्वे. मुंबईहून नागपूरला जाणारा लोहमार्ग एकाच्या शेजारून गेला, म्हणून ते रेल्वेचे झाले. दुसरे आपल्या बाजारामुळे ओळखले जाई, ते बाजाराचे झाले. पुढे नरखेड–अमरावती लोहमार्ग झाला आणि चांदूर बाजारलाही स्टेशन मिळाले. बाजार तर रेल्वेच्या चांदुरातही भरतोच. तरी नावे काही बदलली नाहीत. एके काळी जे जवळ होते त्याचे नाव लागले ते लागले.

माणसांच्या राजकीय मतांचा विचार करू लागलो म्हणजे मला या दोन चांदुरांची आठवण होते. कोणाच्या लहानपणाशेजारून रेल्वे गेलेली असते, कोणाच्या लहानपणाशेजारी बाजार भरलेला असतो. कोणाच्या दारात सावकाराचा माणूस येऊन बसलेला असतो, तर कोणाचे आजोबाच तो माणूस दुसऱ्याच्या दारात पाठवीत असतात. मोठेपणी हे सारे मागे पडते. माणूस शिकतो, नोकरीला लागतो, परगावी घर बांधतो, वर्तमानपत्र वाचून सरकारविषयी मत बनवितो, आणि हे मत आपण निव्वळ विचाराने बनविले असे अगदी प्रामाणिकपणे समजतो. परंतु त्या मतावरचा रंग जरा खरवडला की खालून जुने गाव दिसू लागते.

ही गोष्ट आता कोणाला नवी नाही. किंबहुना ती इतकी सर्वतोमुखी झाली आहे की तिचे एक हत्यारच बनले आहे. बाजाराच्या दिवशी चहाच्या दुकानात घटकाभर बसावे. कापसाच्या भावावर बोलणे निघते. कोणी एक मुद्दा मांडतो, आणि ऐकणारा मुद्द्याला उत्तर देण्याऐवजी शेजाऱ्याला म्हणतो, “तो असाच बोलन भाऊ, त्याची अडत हाय ना!” शिक्षक बोलले तर, “मास्तरले काय, पगार बांधलेला हाय.” पुण्याहून दिवाळीला आलेला पुतण्या बोलला तर, “तुले वावरातलं काय समजते बाबू?” आणि एवढे म्हटले की वाद संपतो. पुढे कोणी काही बोलत नाही. मताचे गोत्र सांगितले म्हणजे मताचा निकाल लागला, असे आपण धरून चालतो.

पण तो खरोखर लागतो काय? एखाद्याचे मत त्याच्या परिस्थितीतून उगवले एवढे दाखविले, म्हणजे ते खोटे ठरते काय? पोटात दुखते असे ज्याचे पोट दुखते तोच सांगतो. म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. आणि दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. दुसऱ्याच्या मताला जर गोत्र असते, तर आपले मत तेवढे बिनगोत्राचे कसे?

हा प्रश्न आधी एका वावरात नेऊन पाहू. चांदूर बाजार तालुक्यात कापूस आहे, तूर आहे, सोयाबीन आहे, आणि संत्र्याच्या बागा आहेत. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटीची बोंडे फुटून वावर पांढरे होऊ लागते. त्या एका बोंडाकडे तीन माणसे पाहत असतात. वावराचा धनी पाहतो तो भाव. बी, खत, फवारणी, निंदण यांचा खर्च त्याच्या डोक्यात असतो. सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला, हे त्याला पाठ असते, आणि दारात येणारा खेडा खरेदीवाला त्याहून किती कमी देऊ पाहतो हेही. वेचणारी बाई पाहते ते वजन. तिची मजुरी किलोवर. बोंड नीट फुटलेले नसले तर दिवसभर वाकूनही ओटीत कापूस कमी जमतो आणि संध्याकाळी काट्यावर तिची मान खाली जाते. जिनिंगवाला पाहतो ती ओल आणि कचरा. तिघेही कापसाबद्दल बोलतात, तिघेही खरे बोलतात, आणि तिघांचे कापसाचे राजकारण निरनिराळे असते.

आता हेच जरा दूरवर नेऊ. परदेशातून येणाऱ्या कापसावर केंद्र सरकारने २०२१ साली सुमारे ११ टक्के आयातशुल्क बसविले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते तात्पुरते माफ केले, आणि ती माफी पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे ऐकून धक्का बसला, कारण त्याचा कापूस बाजारात यायची आणि परका कापूस स्वस्त व्हायची एकच वेळ आली. पण इचलकरंजीतल्या यंत्रमागवाल्याला विचारा. कापूस महागला की सूत महागते, सूत महागले की माग थांबतो, आणि माग थांबला की त्यावर काम करणाऱ्याच्या घरची चूल थांबते. त्याला शुल्कमाफी म्हणजे दिलासा वाटला. या दोघांपैकी देशद्रोही कोण? कोणीच नाही. संत्र्याच्या बागवानाचे तर याहून पुढचे. बांगलादेशाने संत्र्यावरचे आयातशुल्क वाढविले की इकडे बागेतल्या मालाचा भाव पडतो. त्यामुळे ज्याने आयुष्यात मुंबईपलीकडे प्रवास केलेला नाही असा माणूसही ढाक्याच्या सरकारविषयी ठाम मत बाळगून असतो. त्याचे परराष्ट्रधोरण बागेत तयार झालेले असते, आणि ते दिल्लीतल्या पुष्कळ विद्वानांपेक्षा अधिक माहितीवर उभे असते!

म्हणजे परिस्थिती माणसाला आंधळे करते असे जे आपण सरसकट म्हणतो, ते अर्धेच खरे. ती आधी त्याला डोळे देते. ज्याच्या घरची जमीन गेली त्याला कर्जाच्या कागदातले बारीक अक्षर दिसते. ज्याला देवळाच्या पायरीवरून परत पाठविले त्याला ‘समाज’ या शब्दातली फट दिसते. हे दिसण्यासाठी विद्वत्ता लागत नाही, त्या जागी उभे राहावे लागते. मात्र त्याच जागेवरून पाठीमागचे काही दिसत नाही, हेही तितकेच खरे. वावराचा धनी भाव पाहतो तेव्हा वेचणाऱ्या बाईची पाठ त्याला दिसत नाही; ती त्याच्या डोळ्यासमोरच वाकलेली असते, तरी दिसत नाही.

व्यक्तीचे जे, तेच प्रदेशाचेही. वऱ्हाडाचे उदाहरण घरचेच आहे. निजामाने इंग्रजांच्या फौजखर्चाचे देणे थकविले, म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस विलायतेला पोहोचेना, आणि आपल्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत गेला. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण माणसे अभिमानाने सांगू लागली. मग १९०३ साली हे वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले. तिकडे नागपुराकडे मालगुजारी, इकडे रयतवारी. तिकडे सारा मालगुजाराच्या हातून जाणार, इकडे शेतकरी स्वतः सरकारचा खातेदार. या दोन रीतींत वाढलेल्या माणसांनी सरकार, जमीनदार आणि हक्क या शब्दांचा अर्थ एकच कसा लावावा? वऱ्हाडात पिकलेला पैसा वऱ्हाडाबाहेर खर्च होतो, ही तक्रार त्या काळात घराघरांत मुरली, आणि पुढे भाषावार प्रांतरचनेच्या वेळी ती पुन्हा वर आली. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली विदर्भाचे वेगळे राज्य सुचविले. १ मे १९६० रोजी विदर्भ महाराष्ट्रात आला. या प्रदेशातले लोकनायक बापूजी अणे वेगळ्या विदर्भाच्या बाजूचे होते. आणि १९५३ च्या नागपूर करारावर सही करून एका मराठी राज्याकडे वळलेल्यांतही वऱ्हाडातली माणसे होती. इतिहास एकच, तक्रारही एकच. तरी उत्तरे दोन निघाली.

येथे आपल्या प्रश्नाला वेगळे वळण लागते. गोत्रावरून मत सांगता येत असते, तर एका गोत्राची दोन मते झालीच नसती. पण ती होतात, आणि त्याचा सर्वांत ठळक दाखला अमरावतीच्या वकिलांनी घालून दिला आहे. गेल्या शतकाच्या आरंभी अमरावतीत तीन नामांकित वकील होते: दादासाहेब खापर्डे, रघुनाथ नरसिंह मुधोळकर आणि मोरोपंत जोशी. तिघेही ब्राह्मण घरात जन्मलेले, तिघेही इंग्रजी कायदा शिकलेले, तिघांचीही वकिली एका गावात. १८९७ साली अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा राष्ट्रकार्याचे वारे एकाच मंडपातून वाहत होते. पण दहा वर्षांनी, १९०७ साली, सुरतेला काँग्रेस फुटली, आणि खापर्डे टिळकांबरोबर उभे राहिले. टिळकांना मंडालेची शिक्षा झाल्यावर त्यांच्यासाठी खटपट करायला खापर्डे विलायतेला गेले. मुधोळकर नेमस्तच राहिले आणि १९१२ साली बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मोरोपंत जोशी प्रागतिक पक्षाचे. त्यांना सरकारने ‘सर’ केले, आणि १९२८-२९ साली मुलींच्या संमतिवयाचा विचार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. यांच्यापैकी कोणाचा मार्ग बरोबर, हा येथे प्रश्न नाही. जात, विद्या, धंदा आणि गाव या चार गोष्टी कळल्या म्हणजे माणसाचे राजकारण कळले, असे समजणाऱ्याने या तिघांचे काय करायचे, एवढाच प्रश्न आहे.

वकील म्हणजे शिकलेली माणसे, त्यांच्या डोक्यात पुस्तके शिरतात, असे कोणी म्हणेल. मग शाळेचे तोंड न पाहिलेल्यांकडे वळू. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली शेंडगावचा, परीट घरातला. वडील दारूने गेले. मूल आजोळी दापुऱ्याला वाढले. तेथे मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. पुढे या माणसाने खराटा हातात घेऊन आयुष्यभर गावोगाव काय सांगितले? दारू पिऊ नका, कर्ज काढू नका, देवाला बकरे कापू नका, पोरांना शाळेत घाला. त्यांच्या कीर्तनाचा एकेक विषय त्यांच्या घरातल्या एकेका दुखापतीवर बोट ठेवून दाखविता येतो. आता चांदूर बाजारजवळच्या माधानचे गुलाबराव महाराज पाहा. जन्म १८८१ चा, कुणबी घरातला. तान्हेपणीच दृष्टी गेली. या माणसाने दुसऱ्यांकडून वाचून घेऊन वेदान्त, शास्त्रे आणि पाश्चात्त्यांचे तत्त्वज्ञान यांचा धांडोळा घेतला, शंभरावर ग्रंथ रचले, आणि १९१५ साली चौतिसाव्या वर्षी देह ठेवला. गुलाबरावांनी शास्त्रपरंपरेची बाजू घेतली, आर्य बाहेरून आले या मताचे खंडन केले. गाडगेबाबांनी कर्मकांडावर खराटा चालविला. दोघे एकाच मुलखातले, एकाच पिढीतले, दोघांच्याही वाट्याला शाळा नाही. गोत्राचा हिशेब येथेही जमत नाही.

मग तो जमतो तरी कुठपर्यंत? मला वाटते, प्रश्नापर्यंत. माणसाला कोणता प्रश्न रात्री झोपू देणार नाही, हे पुष्कळसे त्याचे घर ठरविते. शेंडगावच्या त्या मुलाला दारू आणि कर्ज यांचा विचार टाळता आलाच नसता. पण दारूने बाप गेलेली मुले त्या काळी काय एक होती? त्यांतली कित्येक पुढे स्वतः दारूत गेली. कित्येकांनी कर्जाला नशीब म्हणून सोडून दिले. एकाने घरच्या दुखण्यातून गावाला पुरेल असा अर्थ काढला. घराने प्रश्न दिला आणि उत्तर त्याने स्वतः शोधले. त्या उत्तराची जबाबदारीही म्हणूनच त्याची. ‘माझ्या परिस्थितीने मला असे विचार करायला लावले’ हे वाक्य दुसऱ्याविषयी सहानुभूतीने म्हणावे. स्वतःविषयी मात्र ते पळवाट होते.

पश्चिमेकडेही या कोड्याचा विचार बराच झाला आहे. माणसाची जाणीव त्याचे जगणे ठरवीत नाही, त्याचे सामाजिक जगणेच त्याची जाणीव ठरविते, असे मार्क्सने मांडले. सिद्धान्त जबरदस्त आहे, पण तो मांडण्यात ज्याची जन्मभर साथ मिळाली तो एंगेल्स कापसाच्या गिरणीच्या मालकाचा मुलगा होता! मँचेस्टरला बापाच्या भागीदारीच्या गिरणीत राहून त्याने मजुरांची स्थिती पाहिली आणि १८४५ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२९ साली हाच विचार पुढे नेला. सगळेच विचार जर आपापल्या जागेला बांधलेले, तर सर्वांच्या वर उठून कोण पाहणार? विद्वानांचा वर्ग थोडाफार मोकळा असतो, तो पाहील, असे त्याला वाटले. अमरावतीचे तीन वकील त्याला भेटले असते, तर त्याने ही आशा इतक्या सहज बाळगली नसती. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्ववेत्त्याने १९७१ साली उलट वाट काढली. आपण श्रीमंत की गरीब, कोणत्या घरात जन्मलो, हे ठाऊकच नाही असे क्षणभर समजा, आणि मग समाजाचे नियम ठरवा, असे तो म्हणाला. कल्पना सुंदर आहे. परंतु आपले घर विसरणे सर्वांना सारखे सोपे नसते. ज्याच्या पायात काटा नाही तो पाय विसरू शकतो. काटा असलेल्याला पाय विसरून चालायला सांगणे, हा त्याच्यावर दुहेरी अन्याय होईल.

तेव्हा विसरण्याची वाट सोडून देऊ आणि आपल्या कोर्टकचेऱ्यांची रीत पाहू; ती मला जास्त शहाणपणाची वाटते. धुऱ्याच्या भांडणात साक्ष कोणाची घेतात? ज्याचे वावर त्या धुऱ्याला लागून आहे त्याची. तो फिर्यादीचा भाऊबंद आहे, एवढ्यावरून त्याला पिंजऱ्यातून हाकलीत नाहीत. तो भाऊबंद आहे याची नोंद करतात, त्याचे म्हणणे ऐकतात, उलटतपासणी घेतात, आणि दुसऱ्या बाजूच्या साक्षीशी ते ताडून पाहतात. राजकीय मतालाही हीच वागणूक मिळायला हवी. प्रत्येकाचे घर, जात, धंदा, गाव ही त्याला साक्षीदार करतात. न्यायाधीश कोणालाच करीत नाहीत. ‘तो असाच बोलन’ असे म्हणून आपण साक्षीदाराला हाकलून देतो. ‘मी सांगतो तेच खरे, कारण मी भोगले आहे’ असे म्हणून साक्षीदारच न्यायासनावर चढून बसतो. दोन्ही रीतींनी निवाडा बिघडतो.

उलटतपासणी मात्र स्वतःपासून सुरू करावी लागते, आणि तीच कोणाला नको असते. तिच्यासाठी मोठी विद्या लागत नाही. माझ्या मताने मला आजवर काय मिळाले आणि काय सोडावे लागले, एवढे विचारले तरी पुरे. ज्या मताने आपले कधीच काही गेले नाही, उलट दरवेळी चार पैसे किंवा चार माणसे आपल्याकडे आली, ते मत पुन्हा एकदा उजेडात धरून पाहावे.

पंजाबराव देशमुख १८९८ साली पापळ येथे शेतकऱ्याच्या घरी जन्मले. ते विलायतेला गेले, बॅरिस्टर झाले, आणि वेदवाङ्मयातील धर्माच्या विकासावर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेऊन आले. अशा माणसाने अमरावतीला येऊन काय करावे? १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा या मागणीने अमरावती हलली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली तेथे परिषद भरली. त्या प्रश्नात पंजाबराव पुढे होते. त्या देवळाचे दार त्यांच्यासाठी बंद नव्हते. त्यांच्या स्वतःच्या घराचा जो प्रश्न, शेतकऱ्याच्या पोराला शिक्षण मिळण्याचा, तोही त्यांनी सोडला नाही. १९३२ साली शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, आणि पुढे दहा वर्षे ते देशाचे कृषिमंत्री होते. घराने दिलेला प्रश्न त्यांनी टाकला नाही. त्यात शेजाऱ्याचा प्रश्नही सामावून घेतला.

याच्या उलट दिशेने चालत आलेला माणूस म्हणजे शरद जोशी. जन्म १९३५ चा, सातारचा, ब्राह्मण घरातला. टपाल खात्यातले अधिकारी, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी. ती सोडून त्यांनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः पिकविली, आणि जमाखर्च मांडला. खर्च मोठा, जमा लहान. हा नुसता आळसाचा किंवा अडाणीपणाचा परिणाम नाही, भाव मुद्दाम पाडले जातात, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि शेतकरी संघटना उभी केली. विदर्भातल्या कापूसवाल्यांनी त्यांना डोक्यावर घेतले. त्यांच्यावरही गोत्राचे दोन्ही बाण सुटलेच. कोणी म्हणे, बामणाला शेतीतले काय कळते. कोणी म्हणे, हा बड्या शेतकऱ्यांचा वकील. त्यांचे अर्थशास्त्र सर्वांना पटावे असे नाही. पण ते खोडायचे तर त्यांच्या वहीतले आकडे खोडले पाहिजेत. त्यांची जात सांगून ते खोडले जात नाहीत. याच संघटनेने १९८६ साली चांदवडला बायकांचे मोठे अधिवेशन भरविले, आणि त्यानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ म्हणून शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करावा, असे सांगितले. ज्यांनी तो केला, त्यांच्या मताने त्यांच्या सातबाऱ्यावरचे काहीतरी खरोखरच कमी झाले.

येथे एक आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. ज्याच्याजवळ सोडायला काही नाही, त्याने काय सोडावे? मजुराने मजुरी वाढवून मागितली तर त्यात त्याचा स्वार्थ आहे, म्हणून ती मागणी संशयास्पद धरायची काय? मुळीच नाही. भुकेलेल्याचा स्वार्थ आणि न्याय पुष्कळदा एकाच ताटात वाढलेले असतात. म्हणून या कसोटीला दुसरी कसोटी जोडावी लागते: मी जो नियम माझ्यासाठी मागतो, तो माझ्या खालच्यासाठी लागू करतो काय?

आता पुन्हा त्या पांढऱ्या वावरात जाऊ. धनी म्हणतो, माझ्या कापसाला उत्पादनखर्चावर आधारित भाव मिळाला पाहिजे. शंभर टक्के खरे. जो पिकवितो त्याचा खर्च निघून वर चार पैसे उरले पाहिजेत, यापेक्षा सरळ न्याय कोणता? पण ती जी बाई त्याच वावरात वाकून कापूस वेचते आहे, तिचाही एक उत्पादनखर्च आहे. तिचे जेवण, तिच्या पोरांची शाळा, दुखऱ्या पाठीचे औषध हा सारा एक किलो कापूस वेचण्याचाच खर्च आहे. तो धरून तिची मजुरी ठरते काय? ‘मला भाव मिळाला तर तिला देईन’ असे धनी म्हणतो, आणि त्याच्या अडचणीचा हा भाग खोटा नाही. पण भाव चांगला लागला त्या वर्षी मजुरी तितकी वाढली होती काय, हा प्रश्न त्याने दुसऱ्या कोणी विचारण्याआधी स्वतःला विचारावा. त्याचे उत्तर ‘होय’ असेल, तर त्याचे मत नुसते गोत्राचे उरत नाही; ते न्यायाचे होते. उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याची मागणी खोटी ठरत नाही, पण अर्धी राहते. हीच कसोटी पगारदार मास्तरांना, अडत्याला, पुण्याच्या पुतण्याला आणि दिवाळी अंकात लेख लिहिणाऱ्यालाही लागू आहे.

हे सारे दिवाळीच्या तोंडावर कशाला, असे वाचक विचारतील. कारण सोपे आहे. वर्षभर विखुरलेले घर या चार दिवसांत एकत्र येते. फराळाचे ताट मधे असते, आणि कोणाच्या तरी तोंडून निवडणुकीचा, आरक्षणाचा किंवा कर्जमाफीचा विषय निघतो. अलीकडे पुष्कळ घरांत तो निघू नये म्हणून सगळे जपून असतात. सख्खे भाऊ हवापाण्याच्या गोष्टी बोलून आपापल्या गावी परत जातात. पण नुसती शांतता म्हणजे सलोखा नव्हे. एकाच अंगणात वाढलेल्या दोन भावांपैकी एक वावरात राहिला, एक शहरात गेला. वीस वर्षांत त्यांची गोत्रे खरोखरच दोन झाली आहेत. एकाला पाऊस दिसतो, दुसऱ्याला घराचा हप्ता. त्यांनी एकमेकांना न विचारले तर ही दोन्ही टोके सांधणार कोण?

अशा घरात एक माणूस असते, जिच्याकडे या बाबतीत आपण कधी पाहत नाही: भाऊबीजेला माहेरी आलेली लेक. तिने एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाऊन पाहिलेले असते. माहेरी जे स्वयंसिद्ध सत्य म्हणून शिकविले ते सासरी हसण्यावारी नेले गेले, आणि सासरचे पुष्कळसे माहेरी कोणाला कळणारही नाही, हे तिला पुरते ठाऊक असते. ही जागा तिने आपणहून निवडली होती असे नाही. पण तिथून तिला दोन्ही घरांचे दिसते. दोन्ही घरे आपली, आणि दोन्ही घरांतली माणसे आपल्यापुरती खरी, हे शहाणपण तिने पुस्तकातून आणलेले नसते. वाद रंगात आला की तिला चहा करायला आत पाठवितात. या वर्षी चहा दुसऱ्या कोणी करावा, आणि तिला विचारावे, “ताई, तुझ्याकडं लोकं काय म्हणतात?” ती सांगेल ते पटेलच असे नाही. पण ते ऐकून होईपर्यंत ‘तो असाच बोलन’ हे वाक्य कोणाच्या ओठावर येणार नाही, आणि तेवढ्या वेळात काही नवे कळण्याची शक्यता आहे.